वाई-मेणवली एका दिवसात, सोबत आई-वडील आणि लहान मूल

तुमचा प्लॅन नीट वाचला. सकाळी सातला पुणे सोडायचं, आधी वाईचा ढोल्या गणपती, मग पसरणी घाट चढून पाचगणी, महाबळेश्वरला जेवण, उतरताना मेणवली आणि धोम, रात्री घरी. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील, त्यात आईंचे गुडघे दुखतात, आणि नऊ वर्षांचा मुलगा ज्याला शिवाजी महाराजांच्या गोष्टींचं वेड आहे. तुम्ही विचारलंय की एवढं एका दिवसात बसेल का.

बसवू नका. पाचगणी-महाबळेश्वर या प्लॅनमधून सरळ काढून टाका. माझं माहेर याच पट्ट्यातलं आणि गेली बरीच वर्षं मी लोकांना घेऊन वाई, मेणवली, लिंब, सातारा असं फिरवते, त्यात ज्येष्ठ मंडळींचे ग्रुप जास्त, त्यामुळे हे अगदी खात्रीने सांगते. वाईला "जाता जाता बघू" म्हणून जे थांबतात ते गणपतीला हात जोडतात, घाटावर दोन फोटो काढतात आणि अर्ध्या तासात गाडीत बसतात, आणि मग म्हणतात की वाईत बघायला फार काही नाही. वाई हे कृष्णेच्या अंगाने वसलेलं गाव आहे, इथलं बांधकाम पाण्याचा विचार करून झालंय, आणि ते कळायला काठावर बसायला लागतं, थोडं चालायला लागतं, परत बसायला लागतं. आई-वडिलांनाही तेच सोयीचं. त्यामुळे वाई, मेणवली आणि अंगात ताकद उरली तर धोम, बास.

आता निघायचं. सातऐवजी सहाला कात्रज सोडा. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे पण शनिवार-रविवारी खेड शिवापूरचा टोलनाका आणि पुढे खंबाटकी घाट कधी अडकवेल सांगता येत नाही, सकाळी आठनंतर महाबळेश्वरला जाणारी सगळी गर्दी याच रस्त्यावर येते. खंबाटकी उतरलं की पुढे सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं, तिथून वाई जवळच आहे. नाश्ता हायवेवरच उरकून घ्या आणि तिथेच सगळ्यांना वॉशरूमला जाऊन यायला सांगा, आईंना तर आवर्जून, कारण घाटाच्या बाजूला तशी बरी सोय पटकन सापडत नाही आणि बायकांची फार कुचंबणा होते, हे प्लॅनमध्ये कोणी लिहीत नाही पण दिवस यानेच बिघडतो. गाडी नेणार नसाल तर स्वारगेटहून वाईच्या एसट्या आहेत, महाबळेश्वरच्या गाड्याही वाईवरून जातात, मात्र तुमच्यासोबतची मंडळी बघता गाडीच बरी. रेल्वेचा विचार नको, जवळचं स्टेशन वाठार, ते पण वाईपासून तीसेक किलोमीटर लांब.

वाईत पोचलात की गाडी गणपती आळीच्या आत घालायच्या फंदात पडू नका. जुन्या आळ्या आहेत, अरुंद आहेत, समोरून टेम्पो आला की दोघंही अडकतात. आई-वडिलांना देवळाजवळ उतरवा आणि गाडी मागे मोकळ्या जागेत लावून चालत या.

पहिलं ढोल्या गणपतीचं देऊळ. साडेआठ-नऊच्या आत पोचलात तर आत निवांत उभं राहता येतं. हे देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. रास्ते म्हणजे पेशव्यांची सोयरीक, नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या घरातल्या, आणि वाईतली बरीचशी देवळं आणि घाट या घराण्याने बांधलेले आहेत. मूर्ती एकाच काळ्या दगडातली आणि इतकी भव्य की ढोल्या हे नाव का पडलं ते सांगावं लागत नाही. दर्शन झालं की बहुतेक लोक आल्या पायी परत फिरतात. तुम्ही तसं करू नका. देवळाला वळसा घालून मागे जा, घाटाच्या बाजूने. गाभाऱ्याची मागची भिंत सरळ नाही. ती माशाच्या आकाराची आहे, पुढे निमुळती होत गेलेली, होडीच्या नाकासारखी, आणि तिचं तोंड ज्या बाजूने पाणी येतं त्या बाजूला आहे. पूर आला की पाणी सपाट भिंतीवर थाडकन आदळायच्या ऐवजी त्या टोकावर फुटतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. देऊळ अगदी पात्राला लागून आहे, पावसाळ्यात धोम धरणातून पाणी सोडलं की आजही गणपतीपर्यंत पाणी येतं, आणि एवढे पूर अंगावर घेऊन अडीचशे वर्षांहून जास्त काळ हे बांधकाम उभं आहे. मुलाला तिथे उभं करा आणि विचारा की पाणी कुठून येत असेल, भिंत अशी का केली असेल. लगेच उत्तर सांगू नका. मी नेलेल्या मुलांपैकी बरीच जण स्वतःहून ओळखतात आणि मग पुढचा दिवसभर प्रत्येक दगडाकडे त्याच नजरेने बघतात.

तिथून काही पावलांवर काशीविश्वेश्वर. हे १७५७ चं, आनंदराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेलं. भोवती दगडी कोट आहे, आत दीपमाळा आहेत, आणि समोरच्या मंडपात जो नंदी आहे तो घाईत बघू नका. काळा दगड इतका घोटलाय की हात फिरवायचा मोह होतो, गळ्यातल्या घंटांची माळ, अंगावरची झूल सगळं दगडात. आईंना इथे मंडपाच्या कडेला बसवा, सावली असते, गारवा असतो, आणि गावातली म्हातारी माणसं येऊन बसलेली असतात त्यांच्याशी गप्पा होतात. वडिलांना वाचनाची आवड आहे असं तुम्ही लिहिलंय म्हणून सांगते, वाईला दक्षिण काशी म्हणायचे ते नुसत्या देवळांमुळे नाही, इथे वेदशास्त्राचं अध्ययन-अध्यापन मोठं होतं. नारायणशास्त्री मराठे, जे पुढे केवलानंद सरस्वती झाले, त्यांची प्राज्ञपाठशाळा इथलीच, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेत घडले आणि त्यांनी मराठी विश्वकोशाचं काम वाईतून केलं. पहिला खंड १९७६ मध्ये आला. मुंबई-पुणे सोडून एवढा मोठा प्रकल्प या नदीकाठच्या लहानशा गावात उभा राहिला आणि कार्यालय अजून वाईतच आहे. आत जाऊन बघण्यासारखं प्रदर्शन वगैरे असेल असं धरून जाऊ नका, पण वडिलांना ती इमारत बाहेरून जरी दाखवलीत तरी त्यांना बरं वाटेल. माझ्यासोबत आलेले एक निवृत्त शिक्षक तिथे गेटपाशी कितीतरी वेळ नुसते उभे होते, त्यांनी आयुष्यभर ते खंड वर्गात वापरले होते.

आता घाट. वाईत कृष्णेवर सात घाट सांगतात, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड, आणि प्रत्येक आळीचा स्वतःचा कृष्णाबाईचा, म्हणजे देवी मानलेल्या कृष्णा नदीचा, उत्सव असतो. थंडी सरता सरता हे उत्सव सुरू होतात, एका आळीचा संपला की दुसऱ्या आळीचा, घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ती आणून बसवतात, कीर्तनं होतात, प्रसादाच्या पंगती उठतात. अफझलखान चालून आला तेव्हा महाराजांना यश मिळावं म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला होता आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, अशी कथा गावात सांगतात. तुमची तारीख पुढेमागे करता येत असेल तर या दिवसांत या, नुसत्या दगडी पायऱ्या बघणं वेगळं आणि त्यावर माणसं बसलेली बघणं वेगळं.

सगळे घाट चालायची गरज नाही, आईंना तर जमणारच नाही. जुन्या पायऱ्यांची उंची सारखी नाही, काही ठिकाणी एकदम मोठी पायरी येते आणि धरायला काही नसतं. आईंसाठी वरच्या टप्प्यावरून चाला, खाली उतरू नका, काठी घेत असतील तर घ्याच. तुम्ही आणि मुलगा मात्र गणपती आळीपासून पुढच्या एक-दोन घाटांपर्यंत जाऊन या. एक गोष्ट कडक सांगते. पाण्यातल्या पायऱ्यांवर मुलाला उतरू देऊ नका. वरून पाणी संथ दिसतं पण पाण्याखालच्या पायरीवर शेवाळ असतं, पाय सटकतो, आणि पुढे डोह आहेत, रामडोह नावातच डोह आहे. पावसाळ्यात तर कुठल्याही पायरीवर जपून, आणि धरणातून विसर्ग सुरू असेल तर घाटावर जाऊच नका, देवदर्शन करून मागे फिरा. उन्हाळ्याचं उलटं, एप्रिल-मेमध्ये अकरा वाजले की दगड असा तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही, आईंच्या पायात मोजे असू द्या. नदीकडे बघून थोडं वाईटही वाटेल, कधी पाणी कमी, कधी जलपर्णी, कधी निर्माल्याच्या पिशव्या. आपण निदान त्यात भर घालायची नाही, नारळ-हार वाहिले तरी प्लास्टिकची पिशवी खिशात परत आणायची.

मुलाच्या गोष्टींच्या वेडासाठी एक जागा इथेच आहे. घाटावर उभं राहून पश्चिमेकडे बघा, डोंगररांगा दिसतात. अफझलखानाकडे १६४९ पासून वाईचा सुभा होता, म्हणजे १६५९ ला तो महाराजांवर चालून आला तेव्हा हा मुलूख त्याच्या ओळखीचा होता, तळ वाईतच पडला, इथूनच बोलणी झाली, वकील गेले-आले आणि इथूनच तो डोंगर ओलांडून जावळीत उतरला. पुढचं १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगड, ते त्याला पाठ असेलच. पण ती गोष्ट वाईच्या सपाटीवरून ते डोंगर बघत ऐकली की कळतं की महाराजांनी त्याला इथे मोकळ्या मैदानात का गाठलं नाही, जावळीच्या जंगलात का बोलावलं. हे प्रतापगडावर उभं राहून तेवढं कळत नाही, वाईतून कळतं.

साडेदहा-अकराला मेणवलीला निघा, तीनेक किलोमीटर आहे. मेणवली म्हणजे नाना फडणवीसांचं गाव. नाना, म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, १७४२ ते १८००, पेशवाईचा शेवटचा मोठा कारभारी, आणि त्यांनी हा वाडा आणि मागचा घाट बांधला. वाड्याला सहा चौक, जाड भिंती, लाकडी खांब, काही खोल्यांत भिंतींवर जुनी चित्रं आहेत. वाडा खासगी मालकीचा आहे, त्यामुळे गेल्यावर तिथल्या माणसाला नीट विचारून आत जा, कुठली खोली बंद ठेवली असेल तर हट्ट करू नका. चित्रांवर फ्लॅश मारू नका आणि भिंतीला टेकू नका, नैसर्गिक रंग आहेत, एकदा पोपडा गेला की गेला. आतले जिने अरुंद आणि अंधारे, आईंनी खालच्या चौकातच बसावं. याच वाड्यात नानांची कागदपत्रं होती, मेणवली दप्तर म्हणून ती प्रसिद्ध आहेत आणि पेशवाईचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्यांचा मोठा आधार झालाय.

वाड्याच्या मागून खाली उतरलं की घाट. मला विचाराल तर या सगळ्या दिवसातली सगळ्यात सुंदर जागा हीच. चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, वर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ, मोठी जुनी झाडं, आणि वाईच्या मानाने शांतता, फक्त कोणाचं शूटिंग चालू नसावं, कारण सिनेमावाल्यांची ही आवडती जागा आहे आणि शूटिंग असलं की अर्धा घाट अडवलेला असतो. मेणेश्वराजवळ एका छोट्या दगडी घुमटीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्या अगदी जवळ जा. घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ ला पोर्तुगीजांकडून वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या आणि त्या ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरलाही अशा घंटा आहेत, त्यातलीच ही. कोणी ती मूर्ती झिजवून काढली नाही, खोडली नाही, महादेवाच्या दारात ती तशीच आहे. मुलाला ते साल स्वतः शोधू द्या, आणि घंटा जोरात बडवू देऊ नका, पोरं दोरी धरून लोंबकळतात आणि मोठी माणसं कौतुकाने व्हिडिओ काढतात, ते बघून जीव तुटतो.

इथे कमीत कमी तासभर ठेवा. चटई असेल तर झाडाखाली टाका, आई-वडिलांना पाठ टेकू द्या.

जेवायला परत वाईत या. मोठं हॉटेल शोधत पाचगणी रस्त्याने वर चढू नका, गावात साध्या थाळीच्या खाणावळी आहेत, जिथे स्थानिक माणसं बसलेली दिसतील तिथे बसा, ज्वारीची किंवा बाजरीची गरम भाकरी आणि पिठलं मिळालं तर अजून काय पाहिजे. दोनच्या आत जेवून घ्या, उशीर केला की भाकरी संपते आणि मग पंजाबी भाज्यांवर भागवावं लागतं. बाजारातून हळद घ्या, वाईचा हळदीचा बाजार जुना आहे, हळकुंडं घेऊन घरी दळलीत तर फरक नाकालाच कळेल. जानेवारी-फेब्रुवारीत याल तर डोंगरावरची स्ट्रॉबेरी इथे खाली पण येते, त्यासाठी वर जायची गरज नाही.

जेवणानंतर धोम, हे ऐच्छिक. आई दमल्या असतील तर त्या आणि वडील गाडीत किंवा देवळाच्या सावलीत थांबतील, तिथे पायऱ्यांचा तसा त्रास नाही. वाईपासून आठ-नऊ किलोमीटर, धरणाच्या खाली गाव आहे. नरसिंहाचं देऊळ आहे, आणि महादेवासमोर कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे, त्याच्या मधोमध कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी भरलेलं असेल तर कासव पाण्यावर तरंगतंय असं वाटतं. कोरडं असलं तर कासवाचं कोरीवकाम जास्त नीट बघता येतं, त्यामुळे पाणी नाही म्हणून हिरमुसू नका. धरणाच्या जलाशयावर बोटिंग वगैरेच्या मागे लागलात तर हातातली वेळ तिथेच जाईल, मी तरी टाळते.

खूप जण विचारतात म्हणून आधीच सांगते, लिंबची बारा मोटेची विहीर याच दिवशी जोडू नका. फार सुंदर आहे, अष्टकोनी विहीर, आत चक्क छोटा महाल, शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ मध्ये वीरूबाई भोसले यांनी बांधलेली, पण ती सुरूर फाट्यावरून पुढे साताऱ्याच्या दिशेने आहे, आणि खाली उतरायला पायऱ्या आहेत. ती साताऱ्यासोबत करा, वाटेत किकलीचं भैरवनाथाचं देऊळ आणि तिथले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक दगड, घ्या, तो एक वेगळा पूर्ण दिवस होतो.

परतीचं गणित नीट करा. रविवारी संध्याकाळी पाचनंतर महाबळेश्वर-पाचगणीची सगळी गर्दी खाली उतरते, वाईतून सुरूरपर्यंत आणि मग हायवेला लागते, खंबाटकीचा बोगदा आणि खेड शिवापूर इथे गाड्या रांगतात. एक तर साडेतीनला वाई सोडा, मग धोम सोडून द्या. नाहीतर घाई न करता संध्याकाळी परत गणपती घाटावर या, ऊन उतरलेलं असतं, दगड निवलेला असतो, आई पण सकाळपेक्षा आरामात बसतील, आणि आठनंतर निघा. मधल्या वेळेत निघू नका. खरं तर सुट्टी काढता येत असेल तर मंगळवार-बुधवार पकडा, फक्त संकष्टी नाही ना ते कॅलेंडरमध्ये बघून घ्या, अंगारकीला तर गणपती आळीत पाय ठेवायला जागा नसते. वाईजवळच्या बावधन गावची बगाडाची यात्रा रंगपंचमीला असते, त्या दिवशीही या बाजूला प्रचंड गर्दी असते, ती बघायचीच असेल तर या पण मग आई-वडिलांना आणू नका.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला. पावसाळ्यात हिरवंगार दिसतं, वाईजवळचा पांडवगड किल्ला ढगात असतो, पण निसरड्या पायऱ्या आणि दुखरे गुडघे हे एकत्र नको. तुम्ही ऑगस्टचा शेवट म्हणताय, तो शक्य असेल तर दिवाळीनंतर ढकला. अगदीच ढकलता येत नसेल तर तारीख पक्की झाली की मला कळवा, निघायच्या आदल्या दिवशी धोममधून पाणी सोडलंय का ते गावात फोन करून विचारते आणि तुम्हाला सांगते.